मुठीचे वय पात्यावरून ठरत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

खंडेनवमी जवळ आली की खानदेशातल्या जुन्या वाड्यांतून, धाब्याच्या घरांतून हत्यारे खाली उतरतात. तलवारी, कट्यारी, गुप्त्या, भाल्यांची पाती यांच्याबरोबर अधूनमधून एखादा वेगळाच खंजीर निघतो. पाते नागमोडी, मूठ आखूड आणि पुढे वाकलेली, मुठीवर बारीक कोरीव काम. त्याचा फोटो वर्तमानपत्रात येतो आणि खाली 'चारशे वर्षांपूर्वीची कट्यार' अशी ओळ असते. हा बहुधा इंडोनेशियाचा क्रिस असतो; तिकडे त्याला केरिस म्हणतात. चारशेचा आकडा पात्याचा की मुठीचा, तो कोणी काढला आणि कशावरून, यातले काहीच त्या ओळीत नसते. पुढच्या दोन-चार दिवसांत चिंच, लिंबू, राख, पितळ घासायची पावडर आणि गोडेतेल लागून मुठीवरचा होता-नव्हता तो पुरावाही जातो. यंदा तरी तो वाचावा म्हणून हे पत्र सणाच्या आधी लिहीत आहोत.

जावातला खंजीर खानदेशात कसा, असे कोणी विचारील. १९४५ च्या अखेरीस जावातल्या सुराबाया शहरात उतरलेल्या ४९ व्या भारतीय ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान होते. फौजेतून परतलेल्यांच्या ट्रंका, मुंबईचा चोरबाजार आणि अलीकडे मोबाइलवरची खरेदी-विक्री, अशा वाटांनी या वस्तू आपल्याकडे पोचतात. या शेवटच्या वाटेने येणाऱ्या मालात नवी मूठ जुनी म्हणून खपवण्याचे प्रमाण फार आहे.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी. क्रिसची मूठ आपल्या तलवारीच्या मुठीसारखी पात्याला कायमची जखडलेली नसते. पात्याच्या खालून एक गोल, निमुळती होत जाणारी सळई निघते. तिला पेसी म्हणतात. ती साधारण सहा-सात सेंटिमीटर लांब असते आणि मुठीच्या भोकात कापड, दोरा किंवा केस गुंडाळून घट्ट बसवतात. सुमात्राकडे आणि सुलावेसी बेटावरच्या बुगी लोकांत राळेने चिकटवण्याचीही रीत आहे. मूठ, म्यान आणि कड्या हा पात्याचा पोशाख समजला जातो. पाते पिढ्यान् पिढ्या तेच राहते; मूठ झिजली, फुटली, मालक बदलला किंवा घराण्याची ऐपत वाढली की पोशाख बदलतो. त्यामुळे तीनशे वर्षांच्या पात्यावर साठ वर्षांची मूठ असणे हे अगदी रोजचे चित्र आहे. उलटही होते: जुनी उत्तम मूठ काढून नव्या पात्यावर बसवतात आणि जोडी महाग विकतात. तेव्हा पात्यावरच्या घड्या, त्याची वळणे मोजून मुठीचे वय सांगणे हा पहिलाच पाय चुकीचा पडतो.

मुठी कोरण्याची कला फार जुनी आहे यात शंका नाही. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला जावात गेलेल्या मा हुआन या चिनी प्रवाशाने तिथले पुरुष कमरेला खंजीर लावतात आणि त्यांच्या मुठी सोन्याच्या, गेंड्याच्या शिंगाच्या किंवा हस्तिदंताच्या असून त्यांवर माणसांच्या व राक्षसांच्या आकृती कोरलेल्या असतात, असे लिहून ठेवले आहे. सतराव्या शतकात युरोपातल्या राजघराण्यांच्या संग्रहांत पोचलेले काही क्रिस ड्रेसडेन, कोपनहेगन, व्हिएन्ना इथे आजही आहेत, आणि जुन्या यादीपत्रकांमुळे ते त्या काळाआधीचे आहेत हे नक्की सांगता येते. पण जावा-बालीची दमट हवा, वाळवी आणि रोजचा वापर यांतून लाकडी मूठ दोन-तीनशे वर्षे टिकणे सोपे नाही. बाजारात दिसणाऱ्या बहुतेक जुन्या मुठी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या किंवा विसाव्या शतकातल्या असतात. कोणी सतरावे शतक म्हणाले तर पुरावा त्याने द्यायचा.

घडणीवरून निदान 'याच्या आधीची नव्हे' एवढी एक बाजू बांधता येते. मध्य जावाची मूठ साधी, सपाट बाजूंची आणि पुढे वाकलेली असते. आतल्या अंगाला वर आणि खाली मिळून दोनच छोटे कोरीव नक्षीचे ठिपके असतात. सुराकार्ताची मूठ थोराड, योग्याकार्ताची बारीक आणि लहान. ही दोन दरबारे १७५५ च्या गियांती तहाने मातारामचे राज्य विभागल्यावर वेगळी झाली. म्हणून 'सुराकार्ता घाटाची सोळाव्या शतकातली मूठ' हे वाक्य ऐकले की तिथेच थांबवावे. मदुरा बेटाची मूठ त्याच घाटाची, पण अंगभर पाने-फुले, कधी पंख असलेला घोडा, कधी डच पद्धतीचा मुकुट; असा मुकुट दिसला की काम डच अमलाच्या आधीचे नव्हे. बालीची मूठ मोठी, साधारण बारा-चौदा सेंटिमीटर, बरीचशी सरळ, आणि तिच्यावर पूर्ण आकृती: राक्षस, बायू, बीमा. हे बायू-बीमा म्हणजे आपलेच वायू आणि भीम. सुमात्रा आणि बुगी भागात अंग चोरून बसलेल्या माणसासारखी मूठ आढळते. तिला तिकडे 'जावा डमाम' म्हणतात, म्हणजे हिवतापाने कुडकुडणारा जावाचा माणूस. पोटाशी हात बांधून वाकलेली ती आकृती एकदा पाहिली की नाव विसरत नाही.

घाट ओळखला म्हणजे वय कळले असे मात्र नव्हे. हे सगळे घाट आजही कोरले जातात. मदुरा बेटावर सुमेनेप जिल्ह्यातल्या आएंग तोंग-तोंग गावात आज मोठ्या संख्येने कारागीर क्रिस घडवतात आणि कोरतात. त्यांचे काम उत्तम असते, त्यात फसवणूक काहीच नाही. फसवणूक होते ती पुढे, मधल्या व्यापाऱ्याने चहाच्या पाण्यात बुडवून त्यावर शतक चिकटवले की.

आता तपासणी. लागणाऱ्या वस्तू थोड्या आहेत: सराफ वापरतात ते दहापट भिंग, एक चांगली बॅटरी, फूटपट्टी, दातकोरणी, पांढरा कागद, आणि नोटा तपासायचा जांभळ्या उजेडाचा दिवा. जळगावच्या सराफ बाजारात यातले भिंग सहज मिळते. काम सकाळी खिडकीपाशी करावे. आधी फोटो, सर्व बाजूंनी, फूटपट्टी शेजारी ठेवून; एक फोटो बॅटरी अगदी आडवी धरून, म्हणजे खाचांच्या सावल्या पडतात आणि हत्याराच्या खुणा उठून दिसतात. हात लावायच्या आधी एक काळजी: जावात पात्यावरची नक्षी उठवण्यासाठी लिंबाचा रस आणि सोमल (आर्सेनिकचे विष) वापरतात, सुरो महिन्यात म्हणजे मोहरममध्ये पाती धुण्याचा विधीच आहे. जुन्या पात्यावर सोमलाचा अंश असू शकतो. हातमोजे घालावेत, नंतर हात साबणाने धुवावेत, आणि हे काम स्वयंपाकघरात करू नये.

मूठ पात्यावर घट्ट असेल आणि सहज फिरत नसेल तर तिथेच हात आखडता घ्यावा. सैल असेल तर पाते जाड सुती कापडात गुंडाळून, टोक अंगापासून दूर ठेवून, मूठ हलकेच डावी-उजवी फिरवत ओढावी. हातोडी मुळीच नको. पात्याच्या बुडाशी गंजा नावाचा वेगळा तुकडा पेसीत ओवलेला असतो. ठोकले की तो निसटतो किंवा तडकतो, आणि गंजून काडीसारखी झालेली पेसी मुठीतच मोडते. राळेने चिकटलेली लाकडी मूठ असेल तर केस वाळवायच्या यंत्राने पात्याचा बुडखा दोन-तीन मिनिटे कोमट करावा, राळ मऊ होते. हस्तिदंत, हाड किंवा शिंग असेल तर उष्णता अजिबात देऊ नये, तडा जातो. गंज सोडवायचे तेल भोकात सोडण्याचा मोह होतो. ते लाकडात मुरते, डाग कायमचा राहतो आणि आतला सगळा पुरावा काळा होतो.

मूठ निघाली की आमच्या मते निम्म्याहून जास्त उत्तर त्या भोकातच असते. बाहेरून मूठ कशीही रंगवता येते. आतून ती रंगवण्याचे कष्ट फार थोडे लोक घेतात. पांढऱ्या कागदावर मूठ उपडी धरून दोनदा टिचकी मारावी. पडेल ते टाकू नये: गंजाची पूड, राळेचे कण, केस, दोऱ्याचे तुकडे. ते कागदाच्या पुडीत बांधून तारीख लिहावी. मग बॅटरी आत मारून भिंगातून पाहावे.

जुने भोक हाताने फिरवायच्या सामत्याने पाडलेले किंवा तापलेल्या सळईने जाळून बसवलेले असते. ते तोंडाशी रुंद आणि आत निमुळते, किंचित वाकडेही असते. जाळलेले असेल तर भिंत कोळशासारखी. विजेच्या ड्रिलचे भोक वरपासून खालपर्यंत एकाच मापाचे, भिंतीवर गोल गोल सारख्या रेघा, आणि तळ शंकूसारखा टोकदार. दातकोरणी घालून खोली मोजावी आणि पेसीच्या लांबीशी ताडून पाहावी. भोक पेसीहून बरेच खोल किंवा बरेच रुंद असेल तर ही मूठ आधी दुसऱ्याच पात्यावर होती.

मग रंग. लोखंड आणि लाकडातला तुरट रस यांचा संबंध आला की लाकूड निळसर काळे पडते. लोखंडी कढईत आवळा ठेवला तर जे होते तेच. अनेक वर्षे पेसी आत राहिली असेल तर हा काळेपणा भिंतीपासून दोन-तीन मिलिमीटर लाकडाच्या आत मुरलेला असतो आणि कडेला हळूहळू विरतो. नव्या मुठीत गंज लावून आणलेला रंग वरच्यावर बसतो. दातकोरणीने भोकाच्या तोंडाशी, न दिसणाऱ्या जागी, हलकेच खरवडले की खाली ताजे पिवळे लाकूड दिसते. गुंडाळलेला दोरा पाहावा. एक तंतू चिमट्यात धरून जाळला आणि वितळून काळा मणी झाला तर तो कृत्रिम धागा, म्हणजे बहुधा १९५० नंतरचा. यावरून मूठ नवी ठरत नाही, शेवटची जोडणी नवी एवढेच ठरते. हा फरक विसरून चांगल्या मुठी बनावट ठरवलेल्या आढळतात, तेही तितकेच वाईट.

मुठीचा तळही बोलतो. मूठ आणि पाते यांच्यामध्ये मेंडक नावाची कडी असते, काही मुठींना तिच्यावर सेलुत नावाची धातूची वाटीही. वर्षानुवर्षे दाबून बसलेल्या कडीचा गोल ठसा लाकडात उमटतो, आणि तांबे-पितळ असेल तर हिरवट कळंक चढतो. सेलुत काढल्यावर खालचे लाकूड उरलेल्या मुठीपेक्षा फिकट असावे, कारण तिथे ऊन, घाम, हात पोचलेला नसतो. खाली-वर एकच रंग असेल तर मूठ रंगवून मग वाटी चढवली आहे. आणि ठसा एका मापाचा, कडी दुसऱ्या मापाची, असे असेल तर कडी बदललेली आहे.

झीज पाहणे हे नजरेचे काम आहे आणि त्याला वेळ द्यावा लागतो. क्रिस धरताना मुठीचे वाकण तळव्यात येते आणि अंगठा व तर्जनी पात्याच्या बुडाशी चिमटीत बसतात. म्हणजे खरी झीज मुठीच्या पाठीवर, वाकणाच्या टोकाला आणि तळाच्या कडांवर. जावा डमाम घाटाची मूठ भिंगाखाली धरावी: नाकाचे टोक, दुमडलेले गुडघे आणि खांद्याची गोलाई गुळगुळीत, जवळजवळ काचेसारखी, आणि त्याच गुडघ्यामागच्या खाचेत, जिथे बोटाचे टोक शिरतच नाही, पटाशीचा काप आजही धारदार. उंचवटा झिजलेला आणि खाच कोरी, ही जोडी महत्त्वाची. वाळूत घोळवून किंवा तारेच्या ब्रशने घासून आणलेल्या जुनेपणात खाचांच्या कडाही गोल होतात, ब्रशचे एका दिशेचे ओरखडे दिसतात, आणि जिथे हात कधी लागणार नाही अशा बगलेतही झीज असते. खाचांचा तळ पाहताना आणखी एक खूण मिळते. हाताच्या पटाशीचा काप लहान-मोठा, सपाट पैलूंचा असतो. दंतवैद्याच्या ड्रिलसारख्या फिरत्या हत्याराने कोरले की प्रत्येक खाचेचा तळ एकाच गोलाईचा निघतो आणि त्यात बारीक लाटा दिसतात. या खुणा असतील तर काम विजेच्या हत्याराचे, म्हणजे गेल्या काही दशकांतले.

लाकडाबद्दल इथे थोडेच. जावातली केमुनिंग म्हणजे आपल्या अंगणातली कुंती. तिचे पिवळे लाकूड वर्षांगणिक मधासारखे तपकिरी होते. आपल्याकडची एक अडचण वेगळी आहे. धाब्याच्या घरात चुलीच्या धुराखाली टांगलेली मूठ वीस वर्षांत काळीभोर होते, अळशीचे तेल चोळले तर त्याहून लवकर. हा खानदेशातला काळेपणा आहे, जावातला नव्हे, आणि तो वरचा थर असतो. चपड्याचे पॉलिश असेल तर जांभळ्या दिव्याखाली ते नारिंगी चमकते; ते बहुधा इथल्याच सुताराचे.

हस्तिदंत म्हणून दाखवल्या जाणाऱ्या मुठींत सगळ्यात जास्त गफलत होते. हस्तिदंताच्या आडव्या कापावर, म्हणजे मुठीच्या तळाशी किंवा माथ्याशी, एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेघांची जाळी दिसते. बाहेरच्या कडेजवळ या रेघांमधला कोन ११५ अंशांहून जास्त असेल तर तो हत्तीचा. ९० हून कमी असेल तर मॅमथचा, म्हणजे बर्फातून निघालेला आणि कोरीवकामासाठी हल्ली सर्रास विकला जाणारा. मॅमथची मूठ पाहून 'दहा हजार वर्षांची' म्हणणारेही भेटतील. दात तेवढा जुना असेल, कोरीवकाम कालचे असू शकते. हाडात जाळी नसते, बारीक काळे ठिपके आणि आखूड रेघा असतात, रक्तवाहिन्यांच्या जागा. शिवाय गाई-म्हशीच्या हाडाची भिंत पातळ, त्यामुळे जाड मूठ एका तुकड्यात निघत नाही. सांधा किंवा मधली पोकळी भरलेली जागा शोधावी. हत्तीच्या दाढेचीही मूठ करतात, तिच्यावर फिकट-गडद पट्ट्या नागमोडी जातात. प्लास्टिकच्या नकलेत रेघा असल्याच तर समांतर आणि एकसारख्या, जाळी कधीच नाही. भिंगाखाली हवेचे बुडबुडे आणि साच्याची शिवण सापडते. सेल्युलॉइड १८७० चे, बेकेलाइट १९०७ चे, ओतीव रेझिन त्याच्याही नंतरचे, म्हणजे पदार्थ कळला की वयाची वरची हद्द आपोआप कळली. तापलेल्या सुईची परीक्षा करू नये. खऱ्या वस्तूला कायमचा डाग पडतो, आणि सेल्युलॉइड भडकन पेटते.

हस्तिदंताचा पिवळेपणा एकसारखा नसतो. हात लागणारी बाजू मधाळ, भिंतीकडची वेगळी, उजेडाकडची फिकट. चहात किंवा पोटॅशच्या पाण्यात बुडवलेल्या मुठीत रंग खाचांत आणि तड्यांत साचतो आणि सगळीकडे सारखाच असतो. जुना तडा दाताच्या लांबीच्या दिशेने जातो, त्याच्या कडा हाताने गोल झालेल्या असतात आणि आत मळ घट्ट बसलेला असतो. उन्हात तापवून पाडलेला ताजा तडा धारदार कडांचा. इथे खानदेशातल्यांना जास्त जपावे लागते: मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या कोरड्या हवेत पत्र्याखाली ठेवलेली खरी मूठही एका उन्हाळ्यात तडकते. तडा आहे म्हणून जुनी, हे इथे चालत नाही.

दागिन्यांच्या मुठींसाठी सराफाचा सल्ला घ्यावा. बालीच्या सोन्या-चांदीच्या मुठीत माणके असतील तर भिंगाखाली आतल्या रेघा पाहाव्यात. निसर्गातल्या माणकाच्या वाढीच्या रेघा सरळ असतात. वक्र रेघा आणि गोल बुडबुडे असतील तर ते भट्टीतले कृत्रिम माणिक, ज्याची रीत १९०२ मध्ये जाहीर झाली. अर्थात एखादाच खडा नवा असेल तर तो पडलेल्या खड्याच्या जागी बसवलेला असू शकतो. सगळेच तसे असतील तर कोंदण पुन्हा तपासावे. चिकटवण्याचे द्रव्यही पाहावे: जांभळ्या दिव्याखाली निळसर पांढरे झगझगीत चमकणारे बहुधा एपॉक्सी, आणि एपॉक्सी बाजारात आले ते दुसऱ्या महायुद्धानंतर.

मग प्रयोगशाळेत का पाठवू नये, असे सुशिक्षित वाचक विचारतात. रेडिओकार्बन चाचणीसाठी तुकडा कापावा लागतो, आणि साधारण १६५० ते १९५० या काळातल्या नमुन्यांना ती एकच एक वर्ष देत नाही, दूरदूरचे अनेक पर्याय देते. आपल्याला नेमका तोच काळ हवा असतो. शिवाय ती झाड किंवा हत्ती केव्हा जगला ते सांगते, कोरले केव्हा ते नाही. एका बाबतीत ती उपयोगी पडते: १९५५ नंतर अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन बदलला, त्यामुळे त्यानंतरचा दात किंवा लाकूड लगेच उघडे पडते. घरच्या एका मुठीसाठी तुकडा कापू नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

एखाद्या वस्तूवर किंवा तिच्या कागदपत्रांत वर्ष लिहिलेले सापडले तर आपल्या वाचकांना एक सोय आहे. जावातही शकच चालत होता. इ.स. १६३३ पूर्वीचा जावाचा शक असेल तर आपल्याप्रमाणेच ७८ मिळवावेत. त्या वर्षी सुलतान अगुंगने शकाचा आकडा तसाच पुढे ठेवून चांद्र, हिजरी पद्धतीची वर्षे सुरू केली. चांद्र वर्ष लहान असल्याने त्यानंतर ७८ चा हिशेब चालत नाही, आणि जसजसे पुढे यावे तसतसा फरक कमी होत जातो. सरळ ७८ मिळवून मुठीचे वर्ष चुकवलेले पुष्कळदा दिसते.

आता सणाकडे येतो. पूजा जरूर करावी, पण मुठीला पाणी, चिंच, लिंबू, पावडर, तेल यांपैकी काहीही लावू नये. पात्याला लागणारी हळद-कुंकवाची बोटेही मुठीपासून दूर ठेवावीत. फूल आणि अक्षता वाहिल्या तरी पूजा पूर्ण होते. राक्षसमुखी मुठीला भैरव किंवा खंडोबा समजून शेंदूर लावलेला असेल तर तो खरवडून काढू नये. शेंदराचे थर हाही पुरावाच आहे: मूठ या घरात किती दिवस आहे ते त्यांवरून अजमावता येते, आणि त्यांच्याखालची जुनी लकाकी त्यांनीच राखलेली असते. सैल धूळ तेवढी मऊ, कोरड्या रंगाच्या ब्रशने झटकावी. शेंदरात शिसे असते, म्हणून तोंडाला फडके बांधावे. नंतर मूठ धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून आतल्या खोलीतल्या लाकडी कपाटात ठेवावी. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नये, पावसाळ्यात आत बुरशी धरते. आणि शिंगाची मूठ असेल तर वर्षातून दोनदा उघडून किडे पाहावेत, शिंग पोखरणारी अळी असते.

कायद्याचेही भान हवे. शंभर वर्षांहून जुनी ठरणारी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते आणि परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. हस्तिदंताची खरेदी-विक्री वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, मूठ कितीही जुनी असो. 'जुने आहे म्हणून चालते' असे सांगणारा विक्रेता खरेदीदाराला अडचणीत आणत असतो. माहिती हवी असेल तर धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या संस्थेत फोटो आणि मापे घेऊन जावे. वस्तू पहिल्या खेपेला नेण्याची गरज नाही.

संपादक महाशय, आपल्याला विनंती एवढीच की अशा फोटोखाली वय छापताना ते मुठीचे की पात्याचे, कोणी सांगितले आणि कशावरून, हे एका ओळीत छापावे. कारण देता येत नसेल तर वय छापू नये. ही ओळ कशी असावी याचा नमुना आम्ही देतो. घरोघरी वस्तूशेजारी ठेवायच्या चिठ्ठीलाही तो चालेल:

'मूठ मदुरा घाटाची, हाडाची, दोन तुकड्यांत. हाताच्या पटाशीच्या खुणा, भोकात जुना गंज, उंचवट्यांवर झीज. अंदाज १८८० ते १९२०. कडी नंतरची. पाते तपासलेले नाही.'

आपले,
जुन्या शस्त्रांची पाहणी व जतन करणारे काही वाचक,
जळगाव आणि धुळे